सायक्लोक्रॉस म्हणजे काय, आणि त्यात नवख्या माणसाने का उतरावं

सध्या सायकलिंगच्या बातम्यांत एक वाद सारखा वर येतोय. २०३० चं हिवाळी ऑलिंपिक फ्रान्सच्या आल्प्समध्ये आहे आणि त्यात सायक्लोक्रॉस घ्या म्हणून सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय मागे लागलीय. विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही सरळ आहे, ऑलिंपिकच्या घटनेप्रमाणे हिवाळी खेळ म्हणजे बर्फावर खेळला जाणारा खेळ, आणि सायक्लोक्रॉस खेळतात चिखलात, गवतात, वाळूत, बर्फ पडलाच तर बर्फातही, पण तेवढ्याने ते त्या अटीत बसत नाही. या वादामुळे झालंय काय की ज्यांनी आयुष्यात हा शब्द ऐकला नव्हता त्यांच्याही मोबाईलवर क्लिपा यायला लागल्यात, चिखलाने माखलेला माणूस खांद्यावर सायकल घेऊन चढावर पळतोय, आणि मग नातेवाईकांच्या ग्रुपवर मला प्रश्न, अगं हे काय चाललंय, तू पण हेच करतेस का?

हो, हेच करते. मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला राहते. इथे सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत जवळपास दर वीकेंडला कुठल्या तरी शाळेच्या मैदानात, पार्कात नाहीतर एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात अशी शर्यत असते आणि त्यात दुकानदार, नर्स, शिक्षक, रिटायर झालेले आजोबा असे सगळे उतरतात. ऑलिंपिकचं जे व्हायचं ते होईल, मला सांगायचंय ते या गावपातळीवरच्या शर्यतींबद्दल, कारण माझं अगदी ठाम मत आहे की ज्याला सायकल आवडते पण शर्यतीची भीती वाटते त्याच्यासाठी याच्याइतकी चांगली शर्यत दुसरी नाही. का, ते कळायला आधी खेळाची रचना कळली पाहिजे.

मुळात खेळ काय आहे

साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरची एक बंद वाट आखतात. बंद म्हणजे फिरून परत सुरुवातीलाच येणारी, एक पूर्ण चक्कर म्हणजे एक लॅप. ही वाट डांबरी रस्त्यावर जवळपास नसतेच, गवत, माती, झाडांमधली पायवाट, वाळूचा पट्टा, तिरका उतार, एखादा इतका खडा चढ की तिथे सायकल चालतच नाही. दोन्ही बाजूंना लाकडी खुंटे ठोकून त्यावर प्लॅस्टिकची टेप ताणलेली असते आणि त्या टेपमुळे एकाच मैदानात वळणावर वळण घेत चांगली लांब वाट मावते. मधे कुठेतरी आडव्या फळ्या उभ्या केलेल्या असतात, यूसीआयच्या नियमात त्यांची उंची जास्तीत जास्त ४० सेंटीमीटर, एकामागे एक दोन फळ्या आणि त्यांच्यात काही मीटर अंतर. फळ्यांपाशी उतरायचं, सायकल उचलायची, दोन्ही फळ्या पळत ओलांडायच्या आणि परत बसायचं. टीव्हीवरचे काही जण सायकलसकट उडी मारून जातात, तसं जमत असेल तर तेही चालतं, पण आमच्या शर्यतीत दहातले नऊ जण उतरतातच.

नियम असाही आहे की वाटेचा किमान ९० टक्के भाग सायकलवर बसून जाता येण्यासारखा हवा. म्हणजे क्लिपमध्ये दिसतं तसं सगळा वेळ खांद्यावर सायकल घेऊन पळायचं नसतं, तो थोडाच भाग, फक्त फोटो त्याचेच चांगले येतात.

किती लॅप मारायचे हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसतं

हा भाग नवीन माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो आणि माझ्या मते या खेळाचा जीवच इथे आहे, म्हणून जरा निवांत सांगते.

आपण ज्या शर्यती बघत मोठे झालो त्या अंतराच्या. मुंबई-पुणे सायकल शर्यत घ्या, अंतर ठरलेलं, मधे बोरघाट, घाटात जो पुढच्या घोळक्याच्या मागे पडला तो पडलाच, पुढचे सगळे किलोमीटर त्याने एकट्याने वारा खात जायचं आणि तो पोचेपर्यंत पुढच्यांची बक्षिसं वाटून होणार. सायक्लोक्रॉस अंतराची नाही, वेळेची शर्यत आहे. नवख्यांच्या, बायकांच्या आणि वयस्कांच्या शर्यती बहुतेक ठिकाणी ४० ते ५० मिनिटांच्या, सीनियर पुरुषांची एक तासाची, लीगप्रमाणे (लीग म्हणजे एका भागातल्या शर्यतींची मालिका) थोडं इकडे तिकडे. पंच काय करतात, तर सगळ्यात पुढच्या माणसाला पहिल्या एकदोन लॅपला किती वेळ लागला ते बघतात आणि त्यावरून हिशोब करतात की ठरलेल्या वेळेत एकूण किती लॅप बसतील. मग फिनिशपाशी बोर्ड लागतो, आता इतके लॅप बाकी. पुढचा माणूस शेवटच्या लॅपला निघाला की घंटा वाजते.

एक उदाहरण बघा. शर्यत ४० मिनिटांची. पुढची बाई एक लॅप ६ मिनिटांत मारतेय, पंचांनी ठरवलं एकूण ७ लॅप, म्हणजे ती ४२ व्या मिनिटाला संपवणार. तुम्ही एक लॅप ८ मिनिटांत मारताय. २४ व्या मिनिटाला तिचे ४ लॅप झाले आणि तुमचे ३, म्हणजे तिथे तिने तुम्हाला अख्ख्या एका लॅपने मागे टाकलं, याला म्हणतात लॅप होणं. पण तुमची शर्यत काही तिथे थांबली नाही. ती ४२ व्या मिनिटाला आत आली तेव्हा तुमचे ५ लॅप होऊन सहावा चालू आहे. तुम्ही ४८ व्या मिनिटाला तो सहावा पुरा करता आणि तुमच्यासाठीही झेंडा पडतो, शर्यत संपली. सातवा लॅप मारायचा नाही. निकालात तुमच्या नावापुढे एक लॅप कमी असं येतं, बस.

याचा परिणाम काय होतो बघा. पहिली आणि शेवटची यांच्यात वेळेचा फरक उरतो एका लॅपपेक्षाही कमी. सगळे एकाच वेळी वाटेवर, सगळे जवळपास एकाच वेळी संपवतात, आयोजक तुमच्यासाठी तासभर ताटकळत बसलेत, टेप गोळा करायला लागलेत असं होत नाही. आणि वाट गोल गोल वळणांची असल्यामुळे तुम्ही तिसाव्या नंबरवर असा किंवा साठाव्या, तुमच्या पुढे मागे कोणी ना कोणी असतंच. त्या एका माणसाशी तुमची खरी शर्यत लागते. वाळूत तो पुढे गेला, फळ्यांवर तुम्ही त्याला गाठलं, चढावर परत तो, असं चाळीस मिनिटं, आणि बाहेरून बघणारे लोक त्या साठाव्या नंबरच्या भांडणालाही तेवढंच ओरडून प्रोत्साहन देतात कारण त्यांना दोन पावलांवरून सगळं दिसत असतं.

(एक फरक लक्षात ठेवा. टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये ८० टक्क्यांचा नियम असतो, पुढच्याच्या पहिल्या लॅपच्या वेळेच्या ८० टक्के इतके मागे पडलात की तुम्हाला बाहेर काढतात. गावपातळीवर हे नसतं, शेवटपर्यंत चालवू देतात.)

उतरून पळायचंच तर सायकल कशाला?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर गणिताचं आहे. खड्या किंवा खूप चिखलाच्या चढावर एक वेळ अशी येते की मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं, तुम्ही जीव तोडून पेडल मारताय आणि सायकल चालण्याच्या वेगानेही पुढे जात नाहीये. तिथे उतरून पळणारा माणूस तुमच्या शेजारून निघून जातो. मग चढ संपला की बसून पुढचा पाऊण किलोमीटर परत सायकलच वेगवान. म्हणजे कुठे सायकल सोडायची आणि कुठे परत धरायची याचा अंदाज हीच अर्धी शर्यत आहे, आणि तो दर लॅपला बदलतो कारण शंभर चाकं एकाच जागेवरून गेल्यावर पहिल्या लॅपला जे गवत होतं ते चौथ्या लॅपला काला झालेलं असतं.

उतरायची पद्धत एकदा नीट बघून घ्या, कारण त्यात खरोखर वेळ वाचतो. फळ्या दिसल्या की वेग थोडा कमी करायचा, उजवा पाय सीटच्या मागून फिरवून डावीकडे आणायचा, या क्षणी तुम्ही डाव्या पेडलवर एका पायावर उभे आहात आणि सायकल अजून चालतेय. उजव्या हाताने फ्रेमची वरची नळी पकडायची, डावा पाय पेडलवरून सोडायचा आणि पळतच जमिनीवर उतरायचं. सायकल उचला, एक फळी, दोन पावलं, दुसरी फळी, सायकल खाली ठेवा, आणि पळता पळता उजवी मांडी सीटवरून सरकवत बसा. नेहमी डावीकडेच उतरतात कारण चेन आणि गिअर उजवीकडे असतात, पाय त्यात जायला नको. लांब चढ असेल तर उजवा हात फ्रेमच्या त्रिकोणातून घालून सायकल खांद्यावर घ्यायची आणि त्याच हाताने हँडल धरायचं, नाहीतर पुढचं चाक फिरून तोंडावर येतं. बाटलीचा स्टँड शर्यतीआधी काढून ठेवतात तो याचसाठी, खांद्यावर घेताना मधे येतो. पाणी प्यायला तशीही फुरसत नसते.

हे सगळं घरामागच्या मैदानात काठ्या आडव्या ठेवून, चालण्याच्या वेगाने करून बघा. दोन-तीन संध्याकाळींत अंगवळणी पडतं, आणि सुरुवातीला उडी मारून बसायचा नाद अजिबात नको, थांबून बसलं तरी कोणी काही म्हणत नाही.

टायरमधली हवा

अनुभवी लोक शर्यतीच्या सकाळी हवामानाबद्दल बोलत नाहीत तितके हवेच्या प्रेशरबद्दल बोलतात. रस्त्यावरच्या सायकलला आपण टायर टणक होईपर्यंत हवा भरतो, ७०, ८०, ९० पीएसआय. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या काट्यावर दिसतं तेच. सायक्लोक्रॉसमध्ये तेच काम २० ते ३० वर चालतं. टायर अंगठ्याने दाबला तर आत जातो इतका मऊ.

का? भातखाचरात लावणीला उतरताना कोणी बूट घालून उतरत नाही. अनवाणी पाऊल चिखलात पसरतं, बोटं फाकतात, खालची जमीन चाचपतात आणि मग धरतात, कडक तळव्याचा बूट मात्र एकतर घसरतो नाहीतर रुततो. मऊ टायरही तेच करतो, जमिनीवर पसरतो, मुळं आणि दगड पोटात घेतो आणि वळणावर चाक निसटू देत नाही.

मग अजून कमी का नको, तर एका मर्यादेखाली गेलात की दगडावर आपटल्यावर टायर पूर्ण दबतो आणि आतली ट्यूब दगड आणि रिमच्या मधे चिरडून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून बरेच जण आता ट्यूबलेस वापरतात, म्हणजे ट्यूबच नाही, टायर रिमवर घट्ट बसतो आणि आत एक पातळ चीक घातलेला असतो जो छोटी भोकं आपणहून बुजवतो. ट्यूब असेल तर तीसच्या आसपास ठेवा, ट्यूबलेस असेल तर वजनाप्रमाणे विशी-पंचविशी, आणि वाटेचा एक लॅप आधी मारून बघा. वळणावर टायर एका अंगाला लोळतोय असं वाटलं तर थोडी भरा, सायकल उड्या मारतेय असं वाटलं तर थोडी सोडा. नवीन माणसाला पैसे न खर्चता सगळ्यात जास्त फायदा कशाने होत असेल तर या एका गोष्टीने.

हे सगळं थंडीत आणि चिखलातच का

कारण रस्त्यावरच्या शर्यती संपल्यावर थंडीत तंदुरुस्त राहायला म्हणूनच हे निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स-बेल्जियमकडचे सायकलपटू शेतातून, कुंपणं ओलांडत, ओढ्यातून एका गावाहून दुसऱ्या गावाला शर्यत लावायचे, मधे पळावं लागल्यामुळे पायही गरम राहायचे. दानिएल गूसो नावाच्या फ्रेंच सैनिकाने १९०२ मध्ये तिकडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली असं मानतात. १९१० मध्ये ऑक्ताव्ह लापीझ टूर द फ्रान्स जिंकला आणि त्याने तयारीचं श्रेय या चिखलातल्या शर्यतींना दिलं, तेव्हापासून लोक याकडे गंभीरपणे बघायला लागले. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५० मध्ये पॅरिसला, जिंकला जाँ रोबिक, तोही १९४७ चा टूर विजेता. बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप मात्र २००० पर्यंत नव्हतीच, हे मला आजही खटकतं, आणि सुरू झाल्यावर नेदरलँड्सच्या मारियान व्हॉसने त्यात आठ वेळा विजेतेपद मिळवलं. पुरुषांमध्ये बेल्जियमच्या एरिक डी व्लेमिंकचा सात विजेतेपदांचा विक्रम पन्नास वर्षांहून जास्त टिकला, मग २०२५ मध्ये मॅथ्यू व्हॅन डर पूलने त्याची बरोबरी केली.

बेल्जियममध्ये तर हा घरोघरी टीव्हीवर बघायचा खेळ आहे, लोक तिकीट काढून चिखलात उभे राहतात. आमच्या यॉर्कशायरला तितकं वेड नसलं तरी मुळं आहेत. लीड्सच्या राउंडहे पार्कात १९९२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली होती, आणि २०२२ चा वर्ल्ड चॅम्पियन टॉम पिडकॉक लीड्सचाच. शिवाय १९६१ पासून इथे थ्री पीक्स नावाची एक अचाट शर्यत होते, इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पेन-य-गेंट असे तीन डोंगर, एकूण ६१ किलोमीटर, त्यात सायकल खांद्यावर घेऊन भरपूर चढायचं. बघायला जरूर जा, पण पहिली शर्यत म्हणून तिच्याकडे बघू नका.

ऋतूप्रमाणे शर्यतीचा स्वभाव बदलतो. सप्टेंबरमध्ये जमीन कडक, वेग जास्त, रस्त्यावरचे तगडे लोक पुढे. ऑक्टोबरमध्ये सकाळचं दव दुपारपर्यंत वाळत नाही, झाडांखाली ओल्या पानांचा थर साचतो आणि त्याखाली मूळ आहे का खड्डा हे दिसत नाही, वळणावर ब्रेक पानांवर मारायचा नाही, पानांच्या आधी मारायचा. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे जातात, मग चारलाच अंधारून येतं म्हणून शेवटची शर्यत त्याआधी संपवावी लागते. नोव्हेंबर-डिसेंबरला खरा चिखल, तेव्हा ज्याचा तोल चांगला त्याचं राज्य.

शर्यतीच्या दिवशी काय काय होतं

नाव नोंदवायचं ऑनलाइन, आधीच, प्रौढांची फी साधारण वीस पौंडांच्या घरात, पोरांची बरीच कमी. सकाळी सगळ्यात आधी लहान पोरांच्या शर्यती. सहा-सात वर्षांची पोरं मोठ्या मैदानात छोटा लॅप मारतात, फळी आली की सायकल ओढत नेतात, आई-बाप टेपच्या बाहेरून पळत असतात. मग मोठी मुलं, मग बायका आणि वयस्क, शेवटी सीनियर, क्रम प्रत्येक लीगचा आपापला.

दीड-दोन तास आधी पोचा. नंबर घ्यायचा आणि तो नीट पिना लावून, फडफडणार नाही असा लावायचा. कुठे कुठे घोट्याला बांधायला वेळ मोजणारी चिप देतात. दोन शर्यतींच्या मधे वाट मोकळी असते तेव्हा एक-दोन लॅप मारून घ्या, पहिला सावकाश, कुठे उतरायचं ते ठरवत. त्यानंतर अंग गरम करा, कारण सुरुवातच फुल जोरात होते. रांगेत आधीच्या निकालांप्रमाणे उभं करतात म्हणजे नवीन माणूस आपोआप मागे, आणि तेच बरं, पहिल्या वळणावर पुढच्यांची जी घुसाघुशी होते ती तुम्हाला मागून शांतपणे बघता येते.

कपडे जेवढे लागतील असं वाटतं त्यापेक्षा एक थर कमी घाला. आठ-दहा डिग्रीत रांगेत उभं राहून कुडकुडायला होतं पण दुसऱ्या मिनिटाला जाकीट नको होतं. हातमोजे पूर्ण बोटांचे. कोरडे कपडे आणि कोरडे बूट गाडीत, आणि टॉवेल, आणि गरम चहाचा थर्मास, याबाबतीत कंजुषी नको.

वाटेच्या एका भागात पिट असतं, तिथे सायकल किंवा चाक बदलता येतं. मोठे खेळाडू चिखल असला की अर्ध्या अर्ध्या लॅपला स्वच्छ सायकल घेतात, मागे मदतनीस मशीनने पाणी मारून दुसरी धूत असतात. आपल्याकडे एकच सायकल असली तरी हरकत नाही, बहुतेकांकडे एकच असते. फक्त एवढं माहीत हवं की सायकल बिघडली तर वाटेवर मागे यायचं नाही, पुढच्या पिटपर्यंत पळायचं.

माझ्याकडे तसली सायकल नाही

चालेल. सायक्लोक्रॉसची सायकल म्हणजे बाकदार हँडलची, रस्त्याच्या सायकलसारखी दिसणारी, पण टायर खोल खाचांचे आणि फ्रेममध्ये चिखल अडकू नये म्हणून जास्त जागा ठेवलेली. मोठ्या स्पर्धांत टायरची रुंदी ३३ मिलीमीटरच्या वर चालत नाही. स्थानिक शर्यतीत मात्र ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची, चालते, माउंटन बाइक चालते, फक्त माउंटन बाइकच्या हँडलच्या टोकांना जोडलेली शिंगं असतील तर ती काढायची. रस्त्याची गुळगुळीत टायरची सायकल मात्र नको, पहिल्या ओल्या वळणालाच आडवी होईल. हेल्मेट सक्तीचं. नवीन सायकल विकत घ्यायची घाई करू नका, आधी जी आहे तिच्यावर एक सीझन काढा, क्लबमधल्या कोणाची तरी जुनी मिळतेच.

मी सगळ्यांच्या मागे राहिले तर?

राहाल कदाचित, पहिल्यांदा. त्याने कोणाची अडचण होत नाही हे वर सांगितलंच. लॅप होताना काय करायचं एवढं शिकून घ्या. मागून कोणीतरी ओरडतो, उजवीकडून किंवा डावीकडून येतोय, तेव्हा घाबरून थांबायचं नाही आणि एकदम बाजूला झोकांडी पण घ्यायची नाही, आपली सरळ रेषा धरून ठेवायची, तो निघून जातो. पुढच्यांनाही हे माहीत असतं, बहुतेक जण जाताना थँक्यू म्हणतात, त्या धापा टाकण्यातही.

बायकांना विशेष करून सांगते, कारण मला ओळखीच्या किती जणी म्हणतात की पुरुषांच्या गर्दीत कुठे घुसायचं. बायकांची शर्यत वेगळी मोजली जाते, पुष्कळ ठिकाणी सुरुवातही वेगळी. आणि वयाचे गट चाळिशी, पन्नाशी, साठी असे पुढे जातात, सत्तरीचे लोकही मी फळ्या ओलांडताना बघितलेत. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पंचविशीच्या पोराशी तुलना करायचं कारणच नाही.

पडलो तर?

पडता, बऱ्यापैकी पडता, पण वेग कमी असतो, वळणांवर दहा-पंधरा किलोमीटर, आणि खाली माती किंवा गवत. गाड्या नाहीत, डांबर नाही, घोळक्यात चाळीसच्या वेगाने एकमेकांच्या चाकाला चाक लागणं नाही. मनगट, खांद्याचं हाड मोडल्याच्या घटना घडतात, घडत नाहीत असं मी म्हणणार नाही. फर्स्ट एडवाले प्रत्येक शर्यतीला असतात. पडण्यापेक्षा जास्त विचार हृदयाचा करा, कारण ही चाळीस मिनिटं हृदय जवळपास पूर्ण क्षमतेने चालतं, मधे विश्रांती नसते. बीपी, हृदयाचा काही त्रास, घरात तसा इतिहास असेल तर आधी डॉक्टरशी बोला. हे उगाच सांगायचं म्हणून सांगत नाहीये.

सायकलची वाट लागते ना?

लावली तर लागते. वाळूमिश्रित चिखल म्हणजे सँडपेपरच, अशा एका शर्यतीत ब्रेकचे नवे पॅड संपलेले मी पाहिलेत. म्हणून शर्यतीनंतर चहाच्या आधी सायकल. चिखल ओला असतानाच बादलीभर पाणी आणि ब्रशने काढा, वाळला की दुप्पट वेळ. प्रेशरचं पाणी असेल तर बेअरिंगवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर आणि पेडलच्या सांध्यावर, सरळ मारू नका, ग्रीस धुऊन जातं. चेन पुसून वाळवून तेल. पॅड बघा, टायरमधले काटे बघा. सीझनला चेन, पॅड, केबल असा खर्च धरून चालायचा. कुरणात शर्यत असेल तर गुरांच्या शेणाचा चिखल असतो, बाटलीचं तोंड आणि हात खाण्याआधी धुवा, पोट बिघडण्याचं ते एक खरं कारण आहे.

मैदानाचं नुकसान होतं हा आक्षेपही बरोबर आहे, शंभर-दोनशे लोक त्याच गवतावरून गेले की गवत उखडतंच. म्हणून चांगले आयोजक क्रिकेटची खेळपट्टी आणि खेळाचा मधला भाग सोडून कडेकडेने वाट नेतात आणि नंतर गरज असेल तिथे माती सारखी करून बी टाकतात. टेप आणि खुंटे काढायला माणसं कमी पडतात, शर्यत झाल्यावर अर्धा तास थांबलात तर पुढच्या वर्षी तीच जागा परत मिळायला मदत होते.

महाराष्ट्रात हे करता येईल का

पुण्या-नाशकाकडची सायकलवाली मंडळी विचारतात म्हणून थोडंसं. खेळाला बर्फ लागत नाही, थंडीही लागत नाही, लागतं एक मोठं मैदान, खुंटे, टेप, दोन फळ्या आणि शिट्टी. अडचण मातीची आहे. काळी माती ओली असताना अजिबात नको, ती टायरला असा लगदा धरते की काही मीटरमध्येच चाक फ्रेममध्ये अडकून बसतं आणि मग शर्यत उरत नाही, फक्त ओझं वाहणं उरतं. मुरमाची जमीन, लाल माती, किंवा पाऊस उघडल्यावर गवत अजून हिरवं आहे अशी कॉलेजची मैदानं चालतील, म्हणजे दसऱ्याच्या आसपासचे दिवस. कासकडची फुलांची पठारं आणि तसली सडे-पठारं मात्र यासाठी कधीही वापरू नका, तिथली मातीची साल इतकी पातळ असते की एकदा उखडली तर परत धरायला वर्षं जातात. माउंटन बाइक सगळ्यांकडे आहेतच, त्या चालतील. ४० मिनिटं, सगळ्यांना एकदम सोडायचं, पुढच्याचे लॅप मोजायला एक वही घेऊन बसणारा माणूस, आणि फळ्या पहिल्या वर्षी चाळीस नाही, वीस सेंटीमीटरच्याच ठेवा.